पहिले टेबल आणि न दिसणारे श्रम

टेबल म्हणजे काय, असे कोणी विचारले तर वर एक फळा आणि खाली चार पाय, असे उत्तर शाळकरी पोरही देईल. वस्तू इतकी साधी आहे, म्हणूनच आज आम्ही ती विषय म्हणून घेतली आहे. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने मजुरी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी ह्यांवर बोलावे. रंधा आणि पटाशी ह्यांच्याशी त्याचा काय संबंध, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. कार्ल मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात मालाचे गूढ उकलून दाखविताना उदाहरण घेतले ते टेबलाचेच. टेबल झाले तरी लाकूड लाकूडच राहते; पण ते बाजारात माल म्हणून उभे राहिले की त्याच्यामागचे माणसांचे श्रम झाकले जातात आणि वस्तू स्वतःच्याच बळावर किंमत मिळवते असे वाटू लागते, असा त्याचा आशय आहे. हे वाचून समजते. परंतु पटते ते एकदा स्वतःच्या हाताने टेबल केल्यावर. म्हणून पहिले टेबल कसे करावे हे आज क्रमाने सांगावयाचे आहे, आणि सांगता सांगता त्यातले न दिसणारे श्रम कोठे कोठे दडले आहेत तेही दाखवावयाचे आहे.

आपल्याकडे टेबल ही तशी नवी वस्तू. जेवणाला पाट, पूजेला चौरंग, हिशेबाला मुनीमजींची बैठी पेटी, अशी आपल्या घरांची रीत होती. गावचा सुतार नांगर, वखर, तिफण, बैलगाडी, दाराची चौकट, पाळणा करी. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' ह्या ग्रंथात ह्या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. बलुतेदारांच्या तीन ओळींपैकी पहिल्या, थोरल्या ओळीत सुताराचे स्थान होते आणि वर्षभराच्या कामाचा मोबदला त्याला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्याच्या कामांच्या यादीत टेबल नव्हते. टेबल आले ते कचेरीबरोबर. मराठवाडा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्याला मेज म्हणत. मेजेच्या पलीकडे हुकूम देणारा बसे आणि अलीकडे अर्ज घेतलेला माणूस उभा राही. आजही पुष्कळशा मजुरांची टेबलाशी ओळख उभ्यानेच होते. टेबल करणारा टेबलापाशी क्वचितच बसतो, ही गोष्ट आम्हांस फार वर्षे खुपत आलेली आहे.

नांदेड-हिंगोली रस्त्यावर कळमनुरी तालुक्यात आमचे आखाडा बाळापूर आहे. हळद, सोयाबीन आणि कापूस पिकविणाऱ्या खेड्यांचे हे बाजाराचे गाव. येथल्या आमच्या संघटनेच्या खोलीत जे टेबल आहे ते विकतचे नाही. एका वयस्क मिस्त्रींच्या देखरेखीखाली आम्ही तिघाचौघांनी ते रविवारी आणि संध्याकाळी काम करून उभे केले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचला नाही. पुढे जे सांगतो ते त्या टेबलाच्या अनुभवावरून सांगतो.

पहिले काम कागदावरचे. लिहिण्याच्या टेबलाची उंची जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट असावी. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरांवर असते. दोहोंतले ३० सेंटिमीटर अंतर हातांना सोसते. आता वरचा फळा एक इंचाचा आणि त्याखालची आडवी पट्टी चार इंचांची धरली, तर पट्टीच्या खालची कड जमिनीपासून सुमारे ६२ सेंटिमीटरांवर येते, आणि मांड्यांना सतरा सेंटिमीटर जागा उरते. पट्टी सहा इंचांची केली तर टेबल अधिक भक्कम होईल, पण माणूस आत बसू शकणार नाही. टेबलाचे माप हे असे बसणाऱ्याच्या शरीरातून निघते. लांबी चार फूट आणि रुंदी दोन फूट घेतली की दोघांना समोरासमोर बसून लिहिता येते.

मग लाकडाचा हिशेब. चार फूट बाय दोन फूट बाय एक इंच फळ्याला ०.६७ घनफूट, सवादोन इंच चौरस आणि अडीच फूट लांब अशा चार पायांना सुमारे ०.३५, एक इंच जाड, चार इंच रुंद अशा चार पट्ट्यांना, त्या एकत्र सुमारे दहा फूट भरतात असे धरून, ०.२८. एकूण १.३ घनफूट. करवतीत, रंध्यात आणि गाठी टाळण्यात जाणारा चौथाई भाग मिळविला म्हणजे १.६ घनफूट लाकूड हवे. गिऱ्हाइकाला १.३ दिसतात; सुतार १.६ चे पैसे मोजतो. न दिसणारा पहिला आकडा हा.

लाकूड कोणते घ्यावे? बाभूळ कणखर खरी, गाडीच्या कामाला तिच्यासारखी नाही. पण नवशिक्याच्या करवतीला ती दाद देत नाही. आंबा स्वस्त आणि मऊ. पण त्याला कीड लवकर लागते आणि पाणी सोसत नाही. पहिल्या टेबलाला सागवानासारखे दुसरे लाकूड नाही. आमच्या उत्तरेला आणि पूर्वेला माहूर-किनवटच्या रानात साग आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा साग तर देशभर प्रसिद्ध आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड तेथूनच गेले. सागाच्या गाभ्याच्या लाकडात एक प्रकारचे तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला हे संरक्षण नाही. म्हणून फळीच्या कडेला पांढरा पट्टा असेल तर तो कापून टाकावा, वजनात भरून घेऊ नये. नवा साग महाग पडतो. पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या तुळया आणि दारे मिळाली तर ती उत्तम, कारण ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. फक्त त्यातला प्रत्येक खिळा शोधून काढावा. एक विसरला तर रंध्याच्या पात्याचा दात पडलाच.

वाळलेल्या लाकडाचा एवढा आग्रह का, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण टेबलाची सगळी रचना त्यावर उभी आहे. हिरवे सागवान पुरते वाळेपर्यंत आपल्या वलयांच्या रेषेने शंभरात पाच ते सहा भाग आकसते. गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच भाग. आणि लांबीत जवळजवळ मुळीच नाही. शिवाय वाळल्यावरही हा खेळ संपत नाही. आमच्याकडे वैशाखात हवा कोरडी ठणठणीत असते आणि श्रावणात भिंतींना ओल येते. त्या हिशेबाने दोन फूट रुंदीचा फळा दर वर्षी काही मिलिमीटर आकसतो आणि फुगतो. आमचे मिस्त्री म्हणत, ''लाकूड कापलं तरी मरत नाही, श्वास घेतंय ते.'' हा श्वास कोंडून फळा चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकून टाकला, की एखाद्या उन्हाळ्यात रात्री बंदुकीसारखा आवाज होतो आणि फळा मधोमध तडकतो. त्यावरचा उपाय पुढे सांगू.

हत्यारे फार लागत नाहीत. एक जाड दात्यांची आणि एक बारीक दात्यांची करवत, एक रंधा, पाव इंच, तीन अष्टमांश इंच आणि एक इंच अशा तीन पटाश्या, मोगरी, गुण्या, टेप, पेन्सिल आणि धार लावण्याचा दगड. ह्यांत सर्वांत महत्त्वाचा कोणता, असे विचारले तर आम्ही दगडाकडे बोट दाखवू. पटाशी आणि रंध्याचे पाते पंचवीस अंशांवर घासून शेवटची धार तीस अंशांवर पाजवावी लागते, आणि पात्याची पाठ आरशासारखी सपाट करावी लागते. उभा धरलेला कागद पाते अलगद चिरून गेले म्हणजे धार लागली असे समजावे. बोथट हत्यार अधिक जोर मागते, जोर लावला की ते निसटते, आणि निसटले की हातात जाते. सुताराला होणाऱ्या पुष्कळशा जखमा धारेने होत नाहीत, धार नसल्याने होतात. पण सुतार दगडावर वाकून पाते घासत बसला की त्याला काम देणाऱ्याला वाटते, हा वेळ काढतो आहे.

आता रंधणे. फळी डोळ्याला सरळ दिसते, पण तशी ती क्वचितच असते. कोठे पन्हळ पडलेली असते, कोठे पीळ असतो. पीळ ओळखण्यासाठी फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एका टोकाशी बसून दोहोंच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का ते पाहावे. जेथे उंचवटा असेल तेथे पेन्सिलीने खूण करून तेवढेच रंधावे. एक बाजू सपाट झाली की तिच्यावर खूण करावी, तिच्याशी गुण्याने काटकोनात असलेली कड करावी, तिच्यावरही खूण करावी. पुढची सर्व मापे ह्या दोन खुणांच्या बाजूंवरूनच घ्यावीत. रंधा रेषेच्या दिशेने चालवावा. उलटा चालविला तर लाकूड मांजरासारखे फिस्कारते आणि त्याच्या ढलप्या उपटून येतात. सुलट चालविला तर कागदासारखी पातळ वेटोळी निघतात, आणि हात आवाजावरूनच दिशा ओळखू लागतो.

वरच्या फळ्यासाठी दोन फूट रुंद अशी एकच फळी मिळत नाही, आणि मिळाली तरी घेऊ नये, कारण ती वाकते. सहा-सहा इंचांच्या चार फळ्या कडेला कड लावून चिकटवाव्यात. दोन कडा उजेडासमोर एकमेकींवर ठेवल्या असता मधून प्रकाश दिसला नाही, की सांधा झाला. सागाच्या अंगच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून चिकटविण्यापूर्वी कडा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्याव्यात. पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस तापवून लावीत. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आले आणि सुताराच्या शेगडीवरचे ते भांडे हळूहळू उतरले. शिकंजे नसतील तर दोरीचा फास घालून त्यात काठी पिळावी. दाब तोच मिळतो.

ह्यानंतर टेबलाचा प्राण, म्हणजे सांधा. आडव्या पट्टीच्या टोकाला कोरून काढलेली जीभ ती कूस, आणि पायात कोरलेले तिच्याच मापाचे चौकोनी भोक ते साल. कुसाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एकतृतीयांश ठेवावी. एक इंच पट्टीला तीन अष्टमांश इंचाची पटाशी बरोबर बसते. लांबी सव्वा इंच पुरे. पायाचे लाकूड वरून इंचभर लांब राखावे, नाहीतर साल कोरताना पायाचे डोके फुटते. काम झाल्यावर तेवढे कापून टाकता येते. कुसाची वरची बाजूही अर्धा इंच कमी करावी, म्हणजे साल पायाच्या टोकाशी उघडी पडत नाही. एका पायात दोन बाजूंनी दोन कुसे येऊन आत भेटतात. त्यांची टोके तिरकी कापली की ती एकमेकांना अडवीत नाहीत. प्रथम साल कोरावी आणि मग तिच्यात बसेल असे कूस कापावे. कारण कूस अंगावरून पातळ करता येते, साल लहान करता येत नाही. कूस हाताने दाबून अर्धे जावे आणि मोगरीच्या दोन टोल्यांनी पुरे बसावे. ठोकून ठोकून घातले तर पाय चिरतो. सैल राहिले तर सरस ती पोकळी भरून काढील ह्या भरवशावर राहू नये.

असे आठ सांधे करावे लागतात, आणि टेबल उभे राहिल्यावर त्यांतला एकही दिसत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. तेथे कमानदार छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांच्या नमुन्यावर कोरल्या आहेत. सुताराची मूळ लाकडे काळाने नेली, त्याची रीत मात्र पाथरवटाने दगडात जपली. टेबलातल्या कुसा-सालीचे भाग्य तेवढेही नाही. ती चांगली झाली तर कोणाला कळत नाही, वाईट झाली तर दोन वर्षांनी टेबल डुगडुगते, आणि तोवर करणारा दुसऱ्या गावी गेलेला असतो.

चौकट जोडण्याआधी सगळे एकदा सरसाशिवाय कोरडे जोडून पाहावे. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले तर चौकट बरोबर. नसले तर लांब कर्णाच्या दिशेने दाब द्यावा. मग सरस लावून दाबून ठेवावे आणि निदान एक रात्र हात लावू नये. दुसऱ्या दिवशी फळा बसवावयाचा. येथे मघाच्या श्वासाचा उपाय येतो. पट्टीत स्क्रूसाठी गोल भोक न पाडता फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोक पाडावे, म्हणजे फळा सरकण्यास मोकळा राहतो. किंवा पट्टीच्या आतल्या अंगाला खाच करून तिच्यात अडकणारे लाकडी ठोकळे फळ्याला खालून बसवावेत. फळा घट्ट धरलेलाही असतो आणि मोकळाही असतो. संघटना बांधणाऱ्यानेही हा सांधा अभ्यासावा, असे आम्हांस वाटते.

शेवटचे काम घासण्याचे आणि पॉलिशचे. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८०, २२० असा चढत जावे आणि नेहमी रेषेच्या दिशेने घासावे. मधला नंबर गाळला तर जाड कागदाचे ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. पॉलिशला दोन सोपे मार्ग आहेत. एक चपड्या लाखेचा : पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून ती मिळते, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यावयाचे. तिला झळाळी फार, पण गरम पेला ठेवला की पांढरा डाग पडतो. दुसरा बेलतेलाचा : जवसाचे हे तेल फडक्याने मुरवावे, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून घ्यावे, एक-दोन दिवस वाळू द्यावे, आणि असे तीन-चार वेळा करावे. चहाचे पेले ज्यावर येणार त्या टेबलाला तेल बरे, कारण डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल देता येते. मात्र एक गोष्ट कधी विसरू नये. बेलतेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या वाळता वाळता तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून ठेवाव्यात.

तसेच भुशाचे. लाकडाचा बारीक भुसा म्हणजे निरुपद्रवी धूळ, असा आपला समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. नाकाच्या पोकळीचा कर्करोग तिच्याशी जोडलेला आहे. एक टेबल करणाऱ्याने तोंडा-नाकावर फडके बांधले तर भागेल. जन्मभर यंत्रावर घासणाऱ्याला धूळ ओढून घेणारे साधन आणि चांगला मुखवटा मिळाला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, मालकाची मेहरबानी नव्हे.

आमच्या टेबलाचे तास आम्ही वहीत टिपून ठेवले होते. मापे आणि लाकडाची निवड ६ तास, धार लावणे ५, रंधणे ९, सांधे १२, जोडणी ३, घासणे आणि पॉलिश ७, एकूण ४२. आम्ही नवशिके, कसलेला सुतार हे निम्म्याहून कमी वेळात करील. पण प्रमाण पाहा. खोलीत येणारा माणूस फळ्यावर हात फिरवून म्हणतो, ''पॉलिश झकास झाले आहे.'' म्हणजे बेचाळीस तासांपैकी त्याला सात दिसतात. उरलेले पस्तीस तास लाकडाच्या पोटात आहेत. नगावर मजुरी ठरविणारा ठेकेदार नेमके ह्या पस्तीस तासांवरच कात्री चालवितो. धारेचा वेळ धरू नका, माप घेण्याचा धरू नका, लाकूड निवडण्याचा तर मुळीच धरू नका. मग सुतारही नाइलाजाने कूस आखूड करतो, सालीऐवजी खिळा ठोकतो, आणि आपण म्हणतो, आता पूर्वीसारखे कारागीर राहिले नाहीत. कारागीर आहेत, त्यांच्या न दिसणाऱ्या वेळेचा दाम देणारे राहिले नाहीत.

हाताने काम केल्याने डोळे उघडतात, हा विचार पुष्कळांनी केलेला आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस ह्यांच्या प्रयत्नाने १८६६ सालीच लोकशाळांत हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला आणि झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने त्याची योजना केली. ती फार काळ जोमाने टिकली नाही. इटलीच्या एन्झो मारी ह्या रचनाकाराने १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे ह्यांत कोणालाही करता येतील अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे लोकांना खुले केले. विकतच्या वस्तूतले बरे-वाईट माणसाला ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू होता. पण पाहण्याची नजर येणे ही पहिली पायरी. दाम देणे ही दुसरी.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला आणि बांधकामावरचा सुतार त्यात आला. पण वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला त्याला लागला, आणि स्वतःच्या ओट्यावर टेबल करणारा बाहेर राहिला. मराठवाडा मुक्तिदिनीच, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेने अठरा व्यवसायांत सुताराला घेतले, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये ठरविले. अवजार मिळाले, शिक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पण अवजाराला धार लावण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरावयाचा, हा प्रश्न तेथेही मोकळाच राहिला. तो सरकारी कागदावर सुटेपर्यंत आपण गिऱ्हाईक म्हणून सोडवू शकतो.

तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. ज्यांना शक्य आहे त्यांनी आयुष्यात एक टेबल स्वतः करावे. ते थोडे वाकडे झाले तरी चालेल. एका पायाखाली कागदाची घडी घालावी लागली तरी लाजू नये. आणि ज्यांना शक्य नाही त्यांनी पुढच्या वेळी सुताराशी भाव करताना टेबलाखाली वाकून सांधा पाहावा. सांधा पक्का असेल तर भाव पाडू नये. दाम ठरवावयाचा तो त्याला आपल्यासमोर खुर्चीवर बसवून ठरवावा. टेबल त्याने केलेले आहे, त्याला त्याच्यापाशी उभे ठेवू नये.